काचेतला खरपा आणि पायऱ्यांची विहीर

संपादकांचं पत्र आलं की नोकरीतले दोन-चार मजेशीर किस्से लिहून पाठवा, दिवाळीचा अंक आहे, वाचकाला हसू आलं पाहिजे. मी नारूच्या कामावरचा माणूस. माझी उभी नोकरी लोकांच्या पायांतून हात-हात लांब किडे निघताना पाहण्यात गेली. आता ह्यातून हसू कुठून काढू बुवा? तरी लिहितो. जिथं येईल तिथं हसून घ्या. पुढे पुढे येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. हुकूम नागपुराहून निघायचा, वाटेत अमरावतीला मुक्काम करायचा, आणि बुलढाण्याला पोचेपर्यंत ज्याच्यासाठी निघाला तो माणूस एक तर बरा झालेला असायचा नाही तर गेलेला असायचा. माझा हुद्दा कागदावर दीड ओळ लांब होता. खेड्यात मात्र मला 'विहीरवाला' म्हणत. एक सायकल, विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा डबा, एक भिंग, चार बाटल्या आणि पाणी गाळायचं दुहेरी फडकं, एवढा माझा संसार.

नारू म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागेल. साचलेल्या पाण्यात एक पांढरा ठिपक्याएवढा किडा असतो, उड्या मारत पोहतो. नारूचं बी त्याच्या पोटात. माणसानं तो किडा पाण्याबरोबर प्यायला की बी माणसाच्या पोटात. मग काही म्हणजे काही होत नाही. माणूस खातो, पितो, नांगर धरतो, लग्नात नाचतो. बरोबर एक साल झालं की एक दिवस पायाला फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून सुतासारखा नारू डोकं बाहेर काढतो. त्याला काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला की पाय गेला. पोटात असताना त्याच्यावर औषध नाही. तेव्हा नव्हतं आणि माझ्या माहितीप्रमाणे आजही नाही.

आणि हा फोड आला की माणूस काय करतो? आग शमवायला पाय पाण्यात बुडवतो. पायऱ्यांच्या विहिरीत घागर भरायला उतरला की घोट्याइतक्या पाण्यात उभा राहतो. फोडातलं बी पाण्यात, पाण्यातलं किड्यात, किड्यातलं पुन्हा सगळ्या गावात. म्हणून नारूचा खरा इलाज एकच. पायऱ्या बुजवा, काठ बांधा, वरून दोरानं पाणी ओढा. कोणाचा पाय पाण्याला लागला नाही की दोन सालांत नारू संपला. बाकी लाल औषध, चुना हे सगळं वरवरचं.

पण पायऱ्या बुजवायचं नाव काढलं की गाव अंगावर यायचं. मोताळ्याकडच्या एका गावात आबाजी नावाचे एक म्हातारबुवा होते. पायाला नारू, तो खराट्याच्या काडीवर गुंडाळून धोतराच्या काठात खोचलेला. मी म्हटलं, "आबाजी, किती दिवस झाले?" तर म्हणाले, "वीस रोज झाले. गायीले जसं दावं लावून ठेवतात तसं ह्या बेट्याले बांधून ठेवलं. पर मी म्हन्तो साहेब, आमच्या बापालेबी नारू व्हता, आज्यालेबी व्हता. तुम्ही काऊन एवढी दगदग करून राह्यले?" म्हणजे जमिनीसारखा नारूही वारशानं आलेला, त्याला सोडायचं कसं!

अशा माणसांशी भांडून भांडून माझा स्वभाव आधीच तिखट, तो आणखी कडू झाला होता. तेव्हाच वरून एक कागद आला की कुठं कुठं विहिरीत बारीक मासे सोडून हा पाणकिडा संपवतात, आपल्याकडे कोणते मासे चालतील ते पाहून कळवावं. मला तर देवच पावला. भांडण नको, गवंडी नको, मासे सोडा आणि मोकळे व्हा. नळगंगेच्या डोहावर एक भोई होता, त्याच्याकडून मडक्यात मासे मागवले.

पाहायचे तर काच हवी. नांदुऱ्याला तसबिरींना काचा लावणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून खिडकीच्या काचांची हातभर लांबीची पेटी करवून घेतली. ती मांडीवर घेऊन मोटारीतून घाट चढून बुलढाण्याला आणली. शेजारची बाई सगळ्या वाटेत माझ्याकडे संशयानं बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, ह्याच्यात देव बसवनार का साप?" पहिल्या दिवशी पेटी चारी कोपऱ्यांतून गळली. सांध्यांत पुन्हा काचा बसवायची लांबी भरली, चार दिवस वाळवली, तेव्हा पाणी ठरलं.

पेटी ठेवायला उजेडाची जागा घरात एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीत. आमच्या सुभद्राबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, पहिल्याच दिवशी तोंड सोडलं, "आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही, आणि तुम्ही पाण्याच्या घड्याजवळ मासोळ्या आणून ठेवल्या!" मी म्हटलं सरकारी काम आहे. सरकारी म्हटल्यावर ती गप्प बसायची, पण दोन दिवस माझं ताट जरा जोरात आपटायची.

मडक्यात पाच-सहा चंदेरी मासोळ्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, सारख्या पाण्याच्या वरच्या अंगाला सुळसुळणाऱ्या. आणि एक होता खरपा. भोई त्याला खरपा म्हणत. वाळूच्या रंगाचा, अंगावर काळपट डाग, चपटं डोकं आणि डोळे अगदी टाळूवर. हा इतर माशांसारखा पोहत नाही. तळाशी बसतो. पोटाखालचे दोन पर जुळून त्याची एक वाटी झालेली असते, त्या वाटीनं काचेला चिकटतो आणि तिथून आपल्याकडे टक लावून बघतो. मी समोर बसलो की तो डोळा फिरवून मला पाहायचा. खोटं वाटेल, पण घरात माझ्याकडे एवढं लक्ष देऊन दुसरं कोणी बघत नव्हतं.

त्याला पाळायचं शास्त्र मी स्वतः चुकत चुकत शिकलो. लाह्या टाकल्या, तोंड लावलं नाही. कणकेच्या गोळ्या टाकल्या, त्या कुजून पाणी नासलं. हा हलतं तेच खातो. मग रांजणातल्या डासांच्या अळ्या आणून टाकू लागलो. अळी वळवळत खाली आली की हा तळावरून असा झेपावायचा की मी वाहवा म्हणायचो. नदीची वाळू, आडोशाला फुटक्या मडक्याची खापरी, तीन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, आणि पेटीवर फडकं बांधायचं, कारण हा उडी मारतो. एकदा चुलीपाशी सापडला, राखेनं माखलेला. धुऊन परत सोडला तर पाच मिनिटांत काचेला चिकटून पुन्हा माझ्याकडे बघतोय! तेव्हापासून माझं त्याच्यावर मन बसलं ते बसलंच. कचेरीतून आल्यावर आधी पेटी, मग चहा.

मग परीक्षा केली. नारूच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणलं, भिंगातून पाहिलं, पाणकिडे उड्या मारत होते. ते पेटीत ओतलं. चौथ्या दिवशी पाहिलं तर एक किडा नाही. पुन्हा आणलं, पुन्हा साफ. मी सुभद्रेला हाक मारून म्हटलं, "बघ माझ्या पठ्ठ्यानं काय केलं!"

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा पठ्ठ्या दिवसभर खापरीखाली लोळत पडलेला असतो. मी इथंच असते ना! वरवर टिपत असतात त्या बारक्या."

मी म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं?"

हे वाक्य मी जन्मात पुष्कळ वेळा बोललो असेन. ह्या एका वेळेचं मला अजून टोचतं. कारण नंतरच्या आठवड्यात पेटीतल्या चंदेरी मासोळ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. खरप्यानं खाल्ल्या होत्या हे मला दिसत होतं. मी म्हटलं, खाईना का, काम करणारा तर हा आहे. तिसऱ्यांदा पाणी ओतून पाहायला हवं होतं, एकट्या खरप्यावर. पाहिलं नाही. जो डोळ्यांत भरला त्यालाच सगळी शाबासकी दिली.

आता माझ्या बहिणीकडे येतो. इथपर्यंत लिहिताना हात चालत होता.

माझी धाकटी बहीण वच्छी रोहिणखेडच्या अलीकडे एका गावात दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. नवरा श्रीपत, थोडी शेती, मऊ स्वभावाचा माणूस. वच्छी चालणारी बाई. बैलगाडी जुंपू का म्हटलं की म्हणायची, "बैल दमतील." डोक्यावर गाठोडं घेऊन अख्खा राजूरचा घाट चढून बुलढाण्याला माझ्या दारात उभी राहायची आणि पाणीसुद्धा न मागता आधी हसायची. शेत, बाजार, माहेर, जत्रा, सगळं पायी. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे, म्हणून कूस भरत नाही. अकरा वर्षं तिला मूल नव्हतं.

बाराव्या वर्षी मुलगी झाली. आणि त्याच महिन्यात तिच्या गावाच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवायचा हुकूम माझ्या हातात आला. दगड मंजूर, गवंडी मंजूर. गावात नारू होता, पण फार नव्हता, साली दोन-चार माणसांना. मी गवंड्यांना घेऊन पोचलो तर बाया विहिरीवर कडं करून बसलेल्या. वच्छीनं मला घरात बोलावून घेतलं. अजून बाळंतिणीच्या खोलीत होती, डोक्याला फडकं बांधलेलं.

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीला जाते. पायऱ्या उतरून पाण्याला पाय लावते, हळदकुंकू वाहते, पहिली घागर स्वतः भरून आणते. तोवर ती घरच्या पाण्याला शिवत नाही. वांझ म्हणून जिला पूजेच्या वेळी मागे उभं केलं जातं, तिला ह्या पायऱ्या म्हणजे काय असतात हे मला वेगळं सांगायला नको होतं.

ती म्हणाली, "दादा, अकरा साल मी दुसऱ्याईच्या पूजेले गेली. मागं उभी राह्यली. आता माही बारी आली, तं तू पायऱ्याच बुजवून राह्यला?"

मी म्हटलं, "वच्छे, नारू होतो ना त्यानं."

"होऊ दे. मले एक डाव उतरू दे. मंग बुजव."

महिनाभराचा प्रश्न होता. गवंड्यांना महिनाभर दुसरीकडे पाठवता आलं असतं. पण बाहेर बाकीच्या बाया बसल्या होत्या, त्यांतल्या दोघी-तिघी पोटुशी होत्या, त्यांनाही आपापली बारी हवी होती. आणि माझ्या डोक्यात खरपा बसलेला! मी मोठ्या ऐटीत बाहेर आलो आणि सांगितलं, पायऱ्या राहू द्या, मी असे मासे सोडतो की नारूचं नाव राहणार नाही. बायांनी मला आशीर्वाद दिले. वच्छीनं आतून पोरगी दाखवली आणि म्हणाली, "मामा पाहाय तुहा. देवमानूस हाय."

भोयाला सांगून दोन मोठे रांजण भरून खरपे आणवले आणि त्या विहिरीत सोडले. गवंडी आणि दगड दुसऱ्या गावाला गेले. मी वर लिहून पाठवलं की ह्या विहिरीत मासे सोडले आहेत, घरी पेटीत खात्री केली आहे, पायऱ्या बुजवण्याची गरज उरलेली नाही. साहेबांचा कौतुकाचा शेरा आला. तो कागद मी सुभद्रेला वाचून दाखवला. सव्वा महिन्यानं वच्छीची पूजा झाली. मी गेलो होतो. ती पायऱ्या उतरताना पाहून मला भरून आलं, हे खोटं कशाला सांगू?

जेठ महिन्यात पाणी खाली गेलं तेव्हा भिंग घेऊन गेलो. बाटली उजेडात धरली. आधी कधी पाहिले नव्हते एवढे पाणकिडे. मी दुसरी भरली, तिसरी भरली. पायरीवर बसलो. पाण्याच्या वरच्या अंगाला एकही बारका मासा नव्हता. पूर्वी होते, पायऱ्यांवर उभं राहिलं की पायाभोवती यायचे, हे मला आठवत होतं. खाली तळाशी माझे खरपे बसले होते, खाऊन लठ्ठ झालेले.

सुभद्रा म्हणाली तेच खरं होतं. किडे टिपणाऱ्या त्या बारक्या मासोळ्याच होत्या. वीतभर पाण्याच्या पेटीत खरप्याला अळी सापडते, तीस हात खोल विहिरीत तो तळ सोडून वर येतो कशाला? तो बारक्या मासळीवर जगतो. म्हणजे त्या विहिरीत देवाच्या दयेनं नारूला थोडाफार आवर घालणारे जे मासे होते, ते मी माझ्या हातानं संपवले. काही न करता घरी झोपून राहिलो असतो तरी गावाचं भलं झालं असतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती तरी देव आहे!

मी घरोघर जाऊन सांगितलं, आजपासून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, चुकू नका. का ते सांगितलं नाही. उन्हाळा आहे, पाणी गढूळ आहे, असं काहीतरी बोललो. वच्छीनं तर लुगड्याचं नवं फडकं फाडलं आणि शेजारणींनाही दटावून गाळायला लावलं, दादानं सांगितलं म्हणून. पण चार महिने ते पाणी पोटात गेलेलं होतं. ते कसं गाळणार? वर पत्र लिहिलं की पायऱ्या बुजवाव्या लागतील, गवंडी परत द्या. उत्तर आलं की आपल्याच अहवालाप्रमाणे गरज उरलेली नाही, पुढच्या सालच्या मंजुरीत विचार करू. माझं अक्षर, माझी सही. कोणाला शिव्या देऊ?

मग ते एक साल. औषध नाही, उपाय नाही, नुसतं थांबायचं. कोणाच्या पोटात आहे कोणाला ठाऊक. मी त्या गावात गेलो की माणसांच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, पायांकडे बघायचो. वच्छी एकदा म्हणालीच, "दादा, माह्या पायाकडं काऊन पाहून राह्यला? जोडवी नवी हायेत म्हून?" मी म्हटलं, हो, छान आहेत. पोरगी लहान म्हणून त्या सालात ती कुठं गेली नाही. जत्रेला नाही, माझ्याकडे नाही. निरोप पाठवायची, "पोरगी चालू लागली का येतो."

घरी खरप्याची पेटी तशीच होती. मी त्याला अळ्या घालणं बंद केलं नाही, त्याचा काय दोष? पण त्यानं काचेला चिकटून माझ्याकडे पाहिलं की मी उठून जायचो. पावसाळ्यात कधीतरी तो मेला. सुभद्रेनं पेटी धुऊन माळ्यावर टाकली. 'मी सांगितलं होतं' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचा जेठ आला आणि गावात घराआड घर माणसं खाटेवर पडली. पेरणीच्या तोंडावर. श्रीपतला घोट्यात निघाला, तो महिनाभर काडीवर गुंडाळून निघून गेला. वच्छीला गुडघ्यात झाला. गुडघ्यातला नारू वाईट, तो बाहेर येतच नाही, आतल्या आत मरतो आणि सांधा धरतो. मी बुलढाण्याहून डॉक्टर नेले, त्यांनी कापून पाहिलं, पू काढला, ताप उतरला. जीव वाचला. गुडघा वाकला तो तसाच राहिला. पोरगी अंगावर पीत होती म्हणून वाचली, तेवढंच.

त्या साली गवंडी लगेच मिळाले. पायऱ्या बुजवायला कोणी आडवं आलं नाही. बाया खाटेवर होत्या, येणार कोण? काम संपलं त्या दुपारी मी वच्छीकडे गेलो. पाय लांब करता येत नव्हता, म्हणून ती ओट्यावर एका अंगावर कलून बसली होती. पोरगी अंगणात पहिली पावलं टाकत होती, पडत होती, उठत होती. वच्छी तिला धरायला उठायची आणि अर्ध्यातून खाली बसायची. मी पोरगी उचलून तिच्याजवळ आणून दिली.

तिनं पोरगीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "दादा, मागच्या जेठात तू बाटल्या घेऊन आला व्हता. तवाच दिसलं व्हतं ना तुले?"

मी म्हटलं, "हाव."

"मले होनार हे मालूम व्हतं?"

"कोणाला होईल ते माहीत नव्हतं. होणार एवढं माहीत होतं."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

माझा आवाज चढला. चुकलेल्या माणसाचा चढतो तसा. मी म्हटलं, "सांगून काय केलं असतंस तू? औषध आहे का त्याला? उगीच सालभर रडत बसली असतीस!"

ती रागावली नाही. पोरगीच्या पायाला लागलेली माती हातानं पुसत पुसत म्हणाली, "रडली नसती दादा. चालून घेतलं असतं. अख्खं एक साल व्हतं ना माह्यापाशी."